खडे घातलेल्या बाटल्या

कुशाबांविषयी लिहायचं तर आधी माझी चूक सांगावी लागेल, आणि ती सांगायचं मी तीन महिने टाळलं. एकवीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवते आहे. ‘केलेली चूक उभं राहून कबूल कर’ असं किती पोरांना दरडावलं असेल, त्याची गणती नाही. तेव्हा आता मीही उभी राहते.

मार्चचा पहिला आठवडा होता. अवसरी बुद्रुकला आमच्या शेतात कांदा काढणी चालली होती आणि नवऱ्याला मान वर करायला फुरसत नव्हती. मला दोन दिवस सुट्टी होती. माझी मुलगी संस्कृती पुण्याहून आली आणि तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मढच्या बाजूला धरणाच्या फुगवट्यात एक लहानसं बेट आहे. होडीनं जायचं, तिथल्या मासेमारांच्या हातचे ताजे मासे खायचे, झाडाखाली लोळायचं आणि उन्हं उतरायच्या आत परत यायचं. पुण्याचे लोक म्हणे दर रविवारी येतात. “आई, एक दिवस तरी निवांत बस,” ती म्हणाली. मी आणि निवांत! पण सासूबाईंनी, म्हणजे साळुबाईंनी, लगेच लुगडं बदललं. पंच्याहत्तर वर्षांची बाई, “मी बी येते, मला कोण इचारतं का” म्हणत गाडीत जाऊन बसली.

आम्हा तिघींपैकी एकीलाही पोहता येत नाही, हे माझ्या नारायणगाव ओलांडल्यावर लक्षात आलं. 

कुशाबांचं घर पाण्यापासून शंभरेक पावलं वर, उतारावर होतं. आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात जाळं सांधत बसले होते. वय साठ-बासष्ट, अंगानं काटक, डोक्यावर मळकी टोपी. बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होते. मला वाटलं, लाजरा माणूस आहे.

“किती जण हाय?” त्यांनी विचारलं.

आम्ही तिघी समोर उभ्या होतो. “तिघी,” मी जरा फटकारूनच म्हणाले.

त्यांची बायको बायडाबाई मात्र लाजरीबिजरी नव्हती. घरापासून पाण्यापर्यंत ती आमच्या पुढं चालली, मागून आम्ही, आणि अगदी तिच्या पाठोपाठ कुशाबा. तेवढ्या वाटेत तिचं तोंड क्षणभर बंद नव्हतं. “हितं दगूड हाय बघा, काल शेळी अडखाळली. आता ही डाव्या अंगाला बाभळ, काटं लई पडल्यात. रामदास म्हंतो, आये, तोडून टाक, म्हनलं ऱ्हाऊ दे, सावली हाय. ही आली बघा उतरण, पाय आडवा टाका.” मी संस्कृतीच्या कानात म्हणाले, “आपल्याला काय दिसत नाही का?” ती हसली. शेळी व्यायला टेकली होती म्हणून बायडाबाई बेटावर येणार नव्हती. तिनं फडक्यात बांधलेल्या भाकरी कुशाबांच्या हातात दिल्या आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

होडी पत्र्याची, वल्ह्यांची. नारिंगी जॅकेटं दोनच होती आणि त्यातल्या एकाचा बक्कल तुटलेला. चांगलं जॅकेट मी मुलीला घातलं आणि तुटकं सासूबाईंना घालून वरून माझ्या ओढणीनं गच्च आवळलं. “अगं, जीव चालला माझा,” त्या म्हणाल्या. कुशाबा म्हणाले, “घाबरू नका बाई. माझ्या होडीतनं उतरलेल्या मानसाचं पाऊल कदी वलं झालेलं न्हाई.”

ते संथ वल्हवायचे. मध्येच थांबायचे, मान कलती करायचे, मग पुन्हा वल्हं मारायचे. बेट जवळ आलं तसे ते फारच वेळा थांबू लागले. तिथं पाण्यावर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या, इकडे चार, तिकडे चार. त्या पाहून माझं डोकंच फिरलं. आमच्या शाळेला स्वच्छतेचं बक्षीस मिळालेलं आहे. रस्त्यात पडलेलं वेष्टन उचलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, मग लग्नाच्या वरातीत का असेना. इतक्या सुंदर पाण्यात लोक बाटल्या फेकतात, याचा संताप मी बेटावर उतरेपर्यंत बोलून दाखवत होते. कुशाबांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं, ते मान कलती करून वल्हवत राहिले.

बेट म्हणजे जुन्या गावाच्या टेकडीचा माथा. पाच-सहा झोपड्या, वाळत घातलेली जाळी, एक मोठा आंबा. बाजाराचा दिवस असल्यानं बाकीचे मासेमार मासे घेऊन गेले होते आणि तिथं चिटपाखरूही नव्हतं. दुसरी होडी नाही, हे मी आधी पाहून घेतलं. मोबाइलला रेंज नाही, हे त्यानंतर.

कुशाबांनी तीन दगड मांडून चूल पेटवली आणि सकाळी धरलेल्या चिलापी तव्यावर टाकल्या. मासा शिजला की नाही हे बघायला ते वाकले नाहीत. ऐकत बसले. “मासा बोलायचा थांबला की उलटायचा,” म्हणाले. आणि खरंच, तसा मासा मी जन्मात खाल्ला नव्हता. सासूबाईंनी दोन भाकऱ्या संपवल्या.

जेवताना ते आपल्याबद्दल बोलले. “आता आपून जिच्यावरनं आलो ना, ती आमची वाडी व्हती,” त्यांनी पाण्याकडं हात केला. “देऊळ, चिंच, आमचं घर, समदं खाली.” त्यांचं भाताचं खाचर होतं, उतारावर नाचणी. पाणी चढलं तेव्हा ते ऐन पंचविशीतले होते. मासेमारी घरात कुणालाच येत नव्हती. ओढ्यातले खेकडे धरणं एवढंच पाणी त्यांना ठाऊक. पहिली काही वर्षं ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकली. एकदा थंडीत ट्यूब फुटली, तेव्हा पोहत पोहत आपल्याच घराच्या आढ्यावर पाय टेकला आणि जीव वाचला. ते सांगताना हसले. मुलगा रामदास चाकणला कंपनीत आहे, तो दोघांनाही बोलावतो. “तिथं जाऊन काय करू? जिन्यात बसू? होडी हाय तवर मी हाय.” हे शेवटचं वाक्य म्हणताना ते हसले नाहीत.

मग टोपी तोंडावर घेऊन ते आंब्याखाली आडवे झाले. सासूबाईही लवंडल्या. संस्कृतीनं मला बजावलं, “आई, पड आता. काही करू नकोस.” मी पडले. पंधरा मिनिटं पडले असेन. डोळे उघडले की त्या बाटल्या दिसत.

काठापासून दोन जुन्या दगडी भिंती, मध्ये खोल पाणी ठेवून, पाण्याखालून त्यांच्याकडेच गेल्या होत्या. भिंतींच्या माथ्यावर गुडघाभर पाणी. मी साडी खोचली, मासे चिरायची सुरी घेतली, खताची एक रिकामी गोणी घेतली आणि संस्कृतीला हात धरायला लावला. आधी एका, मग दुसऱ्या भिंतीवरून चालत जाऊन वाकलं की दोन्हीकडच्या बाटल्या हाताला येत होत्या. प्रत्येक बाटली नायलॉनच्या दोरीनं खाली कशाला तरी बांधलेली होती आणि प्रत्येकीत मूठभर खडे होते. मी दोऱ्या कापल्या. आठच्या आठ बाटल्या गोणीत भरल्या.

“आई, कुणाच्या तरी असतील त्या,” संस्कृती म्हणाली. “नाहीतर बांधल्या कशाला?”

“कचऱ्याला मालक नसतो,” मी म्हणाले. हे माझे शब्द. अगदी असेच.

तीनच्या सुमाराला माळशेजकडून वारा सुटला. आधी आंब्याची पानं, मग पाणी. बघता बघता सगळा फुगवटा करडा झाला आणि काठावर लाटा आपटायला लागल्या. कुशाबा ताडकन उठून बसले. “चला, चला. हा वारा सांजच्याला वाढतो.” त्यांच्या आवाजात घाई होती. सासूबाईंना मी जवळजवळ उचलूनच होडीत बसवलं. गोणी माझ्या पायाशी ठेवली.

वीस-पंचवीस वल्ही मारली असतील. कुशाबा थांबले. मान कलती केली. होडी हेलकावली की माझ्या पायाशी खडे खुळखुळत. त्यांनी होडी उजवीकडे वळवली. पुन्हा थांबले. मग डावीकडे. चेहऱ्यावर असा गोंधळ, जणू कुणी त्यांना फसवतंय. “आज ह्या इतक्या जवळ कशा,” ते पुटपुटले. मला वाटलं, लाटांविषयी बोलतात. बेट आमच्या उजव्या हाताला होतं, मग समोर आलं, मग डाव्या हाताला. आम्ही सरळ जात नव्हतो, आम्ही फिरत होतो. हे मला कळत होतं आणि मी गप्प होते, कारण नावाड्याला रस्ता शिकवणारी मी कोण.

तेवढ्यात खालून खर्रर्र असा आवाज आला. होडीचा तळ दगडावर घासला, एक बाजू वर उचलली गेली आणि दुसऱ्या बाजूनं लाट सरळ आत आली. सासूबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की चार दिवस वळ होते. संस्कृती ओरडली नाही. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं, लहानपणी ताप आला की पाहायची तसं, आता आई काहीतरी करेल म्हणून. मला काहीच करता येत नव्हतं. मी सगळा राग त्या माणसावर काढला.

“समोर दगड होता. तुम्हाला दिसत नाही का?”

“न्हाई,” कुशाबा म्हणाले.

वारा होता, लाटा होत्या, तरी तो एक शब्द आम्हा तिघींनाही नीट ऐकू आला.

“उजव्यानं उजेड तेवढा कळतो. डाव्यानं सावली. दोन वरसं झाली.” त्यांनी वल्हं छातीशी धरलं होतं. “बाटल्यांवरनं जातो मी. पानी हाललं की त्या वाजत्यात. दोन्ही अंगाच्या मदी वाट. पर आज त्या समद्या एकाच जागी वाजत्यात. असं कसं व्हईल?”

माझ्या पायाशी गोणी खुळखुळली.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण सांगितलं. ते मला शिव्या देतील असं वाटलं, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गोणीच्या दिशेनं मान कलती केली. मग म्हणाले, “जाऊ द्या. आता तुमी म्होरं बसा.”

त्यांनी वल्हं उभं धरून खाली चाचपलं. एकदा, दोनदा, तीनदा, दर वेळी जरा खोल. “पायऱ्या हायत,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. “देवळाच्या पायऱ्या. मी हितं चपला काढायचो. म्हंजी दार पाठीमागं, आन चिंचंचा बुंधा डाव्या अंगाला.” त्यांनी सासूबाईंना आणि संस्कृतीला मागच्या टोकाला सरकायला सांगितलं, वल्हं पायरीवर रोवलं आणि सगळा जीव लावून ढकललं. होडी सुटली.

“बाई, दगूड दिसला का बोला. डावा, उजवा, किती हात. न्हाई दिसला तरी बोला. गप बसला तर मला कळायचं न्हाई, वाट मोकळी हाय का तुमी डोळं मिटल्यात.”

मी पुढच्या टोकावर गुडघे टेकून बसले. “डावीकडे बुंधा, तीन हात. आता समोर मोकळं. मोकळं. उजवीकडे काहीतरी काळं, पाच हात. मोकळं.” संस्कृती तव्यानं पाणी उपसत होती. सासूबाई देवाचं नाव घेत होत्या आणि मध्येच मला म्हणत होत्या, “नीट बघ गं, नीट बघ.” खोल पाणी लागलं, दगड संपले, तरी माझं तोंड थांबेना. मोकळं, मोकळं म्हणून जीभ कोरडी पडली, तेव्हा मी एकोणीसचा पाढा म्हणायला लागले. कुशाबा हसले नाहीत. पाढ्याच्या तालावर वल्हं मारत राहिले.

“ह्या बाटल्या बायडीनं बांधल्यात,” मध्येच ते म्हणाले. “जाळ्याची खून म्हनून सांगती. जाळ्याच्या बाटलीत खडं कोन घालतं? मला कळलंय ते तिला ठावं न्हाई. तुमी बोलू नका.”

काठ अजून बराच लांब असताना वाऱ्यावरून बायडाबाईचा आवाज आला. कुणाशी बोलत होती कोण जाणे, एकटीच उभी होती. शेळी, बाभळ, रामदासचा फोन, काय काय मोठ्यानं सांगत होती. कुशाबांनी होडीचं तोंड त्या आवाजाकडे वळवलं आणि मला म्हणाले, “बास आता, बाई.”

ती मांडीभर पाण्यात येऊन उभी होती. होडीचं टोक धरलं आणि आधी एकेकाच्या डोक्याला हात लावला. मग तिला गोणी दिसली. तोंडातून बाहेर आलेल्या बाटल्या दिसल्या. तिनं मला बाजूला ओढलं आणि पहिल्यांदाच हळू बोलली. “त्येंला काय बोलू नका. त्येंला वाटतंय मला डोळ्यांचं ठावं न्हाई. होडीवर लई जीव हाय त्येंचा.”

दोघांनीही मला गप्प राहायला सांगितलं होतं. दुसरी एखादी बाई राहिली असती. पण माझी पोर समोर थंडीनं कुडकुडत उभी होती आणि तिच्या केसांतून पाणी गळत होतं.

“मावशी, त्यांना माहीत आहे,” मी मोठ्यानं म्हणाले. “तुम्हालाही माहीत आहे. दोघांनाही सगळं माहीत आहे. बाटल्या मी काढल्या, ती माझी चूक, मी त्याची माफी मागते. पण आज माझी मुलगी बुडाली असती. मी एकटीनंच बुडवली नसती तिला.”

बायडाबाईनं कुशाबांकडं पाहिलं. ते दोरी हातात धरून पाण्यात उभे होते.

“कवापास्नं ठावं हाय?” तिनं विचारलं.

“पयल्या बाटलीपास्नं.”

“मंग बोलला का न्हाई? दोन वरसं मी हितं घसा फाडती.”

“बोललो असतो तर तू मला पान्यात जाऊ दिलं नसतं.”

“न्हाईच दिलं असतं,” ती म्हणाली आणि रडायला लागली. पदर तोंडाला न लावता, सरळ रडली. “मी बी त्येच्यासाठीच बोलले न्हाई.”

कुशाबा काठावर आले. सासूबाईंच्या पायांकडं हात नेऊन त्यांनी त्यांच्या लुगड्याचा काठ चाचपला. तो चिंब होता. “पावलं वली झाली तुमची, आजी,” ते म्हणाले. पंच्याहत्तर वर्षांच्या माझ्या सासूबाई, ज्या मला एक शब्द सोडत नाहीत, त्या म्हणाल्या, “वाळत्यात भाऊ. त्येला काय हुतंय.”

मग ते परत होडीकडं गेले आणि दोन्ही वल्ही काढून खांद्यावर घेतली. एरवी ती होडीतच ठेवतात, हे मला नंतर कळलं.  मी मंचरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं बोलले, ओळख आहे म्हणाले.  एप्रिलमध्ये दोघं आले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर करायचं आहे. होडी तोवर उपडी घातली आहे. त्या आठ बाटल्या मी परत नेऊन दिल्या. बायडाबाईनं त्या घेतल्या, पण मला चहा विचारला नाही.

मला मात्र सारखी आठवते ती त्या संध्याकाळची चढण. बायडाबाईनं डोळे पुसले, वल्ही घेतलेल्या कुशाबांच्या पुढं झाली. त्यांचा हात धरला नाही. रडून घोगऱ्या झालेल्या आवाजात तिनं सुरू केलं, “शेळी व्याली बरं का, एक पाट, एक बोकड. पाट लई गोजिरी हाय. ही आली बघा चढण. आता ही बाभळ, उजव्या अंगाला. रामदासला म्हनलं, ऱ्हाऊ दे बाभळ.” आणि तिच्या मागं तो माणूस एकाही काट्यावर पाय न देता वर चढत गेला. आम्ही तिघी त्याच्या मागून. दगडाजवळ आली तेव्हा ती क्षणभर थांबली, माझ्याकडं वळली आणि म्हणाली, “हितं दगूड हाय बघा.” या वेळी मी खाली दगडाकडं पाहिलं. पाऊल उचलून टाकलं.